घडवा, पण चालवू नका

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले आणि दुचाकीचे भाग जुळवून एक छोटी चारचाकी बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणाऱ्या या गाडीची चित्रफीत डिसेंबर २०२१ मध्ये देशभर फिरली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. खर्च सुमारे ६० हजार रुपये आल्याचे तेव्हाच्या बातम्यांत होते. महिंद्र समूहाचे अध्यक्ष आनंद महिंद्र यांनी ती चित्रफीत पाहिली, ट्विटरवर मनापासून तारीफ केली आणि पुढे एक प्रस्ताव ठेवला. त्याचा आशय असा होता: ही गाडी नियमांत बसत नाही, स्थानिक अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील; तेव्हा ती मला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल पार पडली. लोहार कुटुंबाला नवी कोरी बोलेरो मिळाली आणि त्यांच्या हातची गाडी 'महिंद्र रिसर्च व्हॅली'च्या संग्रहासाठी गेली. देशाने टाळ्या वाजवल्या. प्रस्तुत टिपण त्या टाळ्यांविषयी आहे.

आरंभीच एक खुलासा. लोहार यांनी बोलेरो स्वीकारली हे योग्यच केले. बाजारातली मोटार ज्याला परवडत नव्हती, त्याने ती तत्त्वासाठी नाकारावी असे सुचवण्याचा अधिकार घरबसल्या लेख लिहिणाऱ्याला नाही. देणाऱ्याच्या हेतूविषयीही मला शंका नाही. नियमांबद्दलचा त्यांचा अंदाज अचूक होता आणि तो त्यांनी स्पष्ट बोलून दाखवला. माझे भांडण आहे ते आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, समाधानाशी. या व्यवहारात एक अट होती. ती आपल्या ध्यानात आली नाही, किंवा आली असूनही टोचली नाही. तू गाडी घडवलीस म्हणून तुझे कौतुक, मात्र ती तू चालवायची नाहीस! घडवलेली वस्तू रस्त्यावरून उचलून संग्रहात ठेवायची आणि कर्त्याला ग्राहक करून घरी पाठवायचे, याला आपण गुणग्राहकता म्हणालो. एखाद्या कवीला त्याच्या हस्तलिखिताच्या बदल्यात दुसऱ्या कोणाचा सुबक छापलेला संग्रह भेट द्यावा आणि वर 'आता हे वाच, स्वतःचे म्हणू नकोस' असे सांगावे, तर या पानावर केवढा गदारोळ होईल याची कल्पना करून पाहावी.

याच्या नेमकी उलट अदलाबदल जगात अन्यत्र होत असते. इंग्लंडमध्ये असे हौशी लोक आहेत की जे कारखान्यात बनलेली चांगली स्पोर्ट्स कार विकून टाकतात आणि घराच्या गॅरेजात महिनोन्‌महिने खपून स्वतःच्या हातांनी एक उघडी, दोन आसनी गाडी जोडतात. तिला ते 'किट कार' म्हणतात, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायची मोटार. त्यातले काही जण तिच्यात मोटारीचे इंजिन न बसवता मोटारसायकलचे बसवतात. वरवर पाहता हा शुद्ध खुळेपणा आहे. टपाची खात्री नाही, गारठा आहे, आवाज आहे, आणि मूळच्या गाडीतले गुबगुबीत आसन गेले ते गेलेच. मग हे लोक असे का करतात?

कारण शोरूममधली स्पोर्ट्स कार जो वेग विकते तो वापरायला जागाच उरलेली नाही. मुंबईच्या रस्त्यांवर लक्षावधींच्या गाड्या रिक्षांच्या मागे गुरगुरत उभ्या असतात, आणि आमच्या अष्टमीसारख्या गावात तशी गाडी आलीच तर पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासेल. शिवाय त्या गाडीविषयी मालकाला काही कळावे अशी तिच्या निर्मात्याचीच इच्छा नसते. बॉनेट उघडावे तर खाली प्लास्टिकचे आणखी एक झाकण. काच धुण्याचे पाणी भरावे, एवढीच काय ती मालकाला मोकळीक. बाकी सर्व गोष्टींसाठी संगणक लावणारा अधिकृत तंत्रज्ञ हवा. पैसे मोजणारा मालक आपल्याच गाडीत भाडेकरूसारखा वावरतो. जो मनुष्य ती विकून नळ्या कापतो, सांधतो, ब्रेकच्या नळीतली हवा चार वेळा काढतो, त्याला वेग तर मिळतोच; पण पायाखालचा प्रत्येक नटबोल्ट कुठे आणि का आहे हे ठाऊक असण्याचा एक दुर्मिळ आनंदही मिळतो.

या छंदाला इतिहास आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' ही अत्यंत हलकी गाडी आणली आणि ती सुट्या भागांच्या रूपातही विकली, कारण तयार मोटारीवर ब्रिटनमध्ये खरेदी कर होता आणि सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती आजही त्याच मूळ धाटणीत बनते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी एक पुस्तक लिहिले. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हा त्याचा विषय. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, मोडीत निघालेल्या एका जुन्या फोर्डचे अवयव आणि वेल्डिंगचे यंत्र, एवढ्या सामग्रीवर अनेकांनी गाड्या उभ्या केल्या. तेव्हा हा केवळ धनिकांचा चोचला आहे हा आक्षेप टिकत नाही.

मोटारसायकलचे इंजिनच का, याचेही उत्तर सरळ आहे. ते हलके असते, त्याची गिअरपेटी त्याच्याच पोटात असते, आणि आकाराच्या मानाने त्याची ताकद थक्क करणारी असते. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूक ३९० चे ३७३ सीसीचे एकच सिलिंडर सुमारे ४३ अश्वशक्ती देई. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडर ४० च्या आतच थांबत. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. दुचाकीच्या इंजिनाला ओढ कमी, म्हणून त्याला सतत चढ्या फेऱ्यांवर ठेवावे लागते. त्याचा क्लच जड गाडीसाठी घडवलेला नसतो. आणि त्याला रिव्हर्स गिअर सहसा नसतो, तेव्हा त्यासाठी वेगळी पेटी किंवा विजेची मोटार बसवावी लागते, नाहीतर उतरून गाडी मागे ढकलावी लागते. हे सारे प्रश्न घडवणाऱ्यालाच सोडवायचे असतात. त्यासाठी वजनाचा हिशेब येतो, दातेऱ्या चाकांचे गुणोत्तर येते, गुरुत्वमध्य येतो. शाळेत ज्याला 'उपयोजित गणित' म्हणून कंटाळले ते सगळे या एका गाडीत मुकाट्याने शिकले जाते.

आणि अशा घरगुती खटपटीतून काय निपजू शकते याचा दाखला तर फार मोठा आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, लंडनजवळच्या सर्बिटन येथे चार्ल्स व जॉन कूपर या पितापुत्रांनी फियाटच्या लहान गाड्यांचे पुढचे दोन भाग जोडून एक शर्यतीची गाडी केली. इंजिन ५०० सीसीचे, मोटारसायकलचे, साखळीने चाक फिरवणारे. म्हणून सोयीसाठी ते चालकाच्या मागे बसवले. तेव्हाच्या शर्यतींच्या गाड्यांत इंजिन बहुधा पुढेच असे. कूपरांच्या मोठ्या गाड्याही मग मागे इंजिन ठेवून झाल्या, आणि १९५९ व १९६० अशी सलग दोन वर्षे जॅक ब्रॅबमने त्या गाड्यांवर फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. त्यानंतर पुढे इंजिन असलेली गाडी त्या शर्यतींतून पाहता पाहता अस्तंगत झाली. म्हणजे सर्वांत महागड्या, सर्वांत शास्त्रशुद्ध म्हणवणाऱ्या यंत्राची मूळ रचना एका गॅरेजात, भंगार आणि मोटारसायकलचे इंजिन जुळवताना सुचलेली आहे. सर्बिटनमध्ये कोणी कूपरांना चांगली नवी मोटार देऊन त्यांचे खटले संग्रहालयात नेले असते, तर?

'हे सगळे साहेबाच्या देशात ठीक' असे कोणी म्हणेल. तर आपलाच इतिहास पाहू. १९४५ साली स्थापन झालेली महिंद्र कंपनी मोटारींच्या धंद्यात आली ती विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडूनच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचा आरंभही परदेशी गाड्या जोडण्यातच झाला. म्हणजे भारतीय मोटार उद्योग हाच मुळात किट कारचा उद्योग होता! एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथल्या कार्यशाळांनी चासी बाहेरून घेऊन वरचे अंग वर्षानुवर्षे स्वतः बांधले. ज्या लाल गाडीतून उभ्या महाराष्ट्राने प्रवास केला तिचा सांगाडा सरकारी नोकरीतल्या लोहारकामगारांनी, सुतारांनी, वेल्डरांनी उभा केलेला आहे. आणि इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी? त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून 'मीरा' नावाची लहान मोटार घडवायला घेतली आणि इंजिन मागे असलेल्या त्या गाडीत १९७० च्या दशकापर्यंत सुधारणा करीत राहिले. परवान्यांच्या त्या राज्यात ती कारखान्यापर्यंत कधी पोचली नाही. त्याच राज्यात १९७० साली वर्षाला ५० हजार मोटारी बनवण्याचे इरादापत्र संजय गांधी यांना मिळाले होते, आणि त्यांची ती कंपनी मोटार बाजारात न आणताच दशकाच्या अखेरीस गुंडाळली गेली. नियम सर्वांना सारखे असतात असे ज्यांना वाटते त्यांनी इचलकरंजी आणि गुरगाव यांतले अंतर एकदा मोजावे.

परवाना राज्य गेले, असे आपण गेली तीन दशके ऐकत आहोत. मोठ्या भांडवलासाठी ते गेलेही असेल. एकट्या माणसासाठी काय आहे ते पाहा. नवी गाडी परिवहन कार्यालयात नोंदवायची तर फॉर्म २१ लागतो, म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र. आणि फॉर्म २२ लागतो, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असा उत्पादकाचा दाखला. ज्याने स्वतःसाठी एकच गाडी बनवली त्याने ती कोणाला विकली? स्वतःलाच? बरे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२६ सांगतो की उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा. ही सारी व्यवस्था कल्पिलेली आहे ती एका नमुन्यामागे हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी. एका नमुन्यामागे शून्य गाड्या काढणारा माणूस त्या कागदावर दिसतच नाही. आहे ती गाडी बदलावी म्हटले तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाबाहेर वाहनात बदल करता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. उत्तरेत डिझेल पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून चालणारी 'जुगाड' ही गाडी तर २०१३ मध्येच न्यायालयाने कायद्याच्या व्याख्येतले मोटार वाहन ठरवली. म्हणजे नोंदणी, विमा, परवाना यांची बंधने तिला लागू. मात्र ती बंधने पाळता येतील असा रस्ता तिच्यासाठी कोणी आखला नाही.

यातली विसंगती ध्यानात यावी म्हणून एकच उदाहरण पुरे. बजाज ऑटोने जानेवारी २०१२ मध्ये 'आरई ६०' हे चारचाकी वाहन दाखवले. २१६ सीसीचे एक सिलिंडर, म्हणजे इंजिन दुचाकी-तिचाकीच्या कुळातले, आणि वर चार चाकांचे हलके अंग. ते मोटारीच्या नियमांत बसत नव्हते. मग काय झाले? त्याच्यासाठी नियमांत 'क्वाड्रिसायकल' नावाचा नवा वर्ग निर्माण झाला. अन्य उत्पादकांनी हरकती घेतल्या, प्रकरण न्यायालयात गेले, वर्षे गेली, परंतु अखेर २०१८ मध्ये खासगी वापरालाही मुभा मिळाली आणि वाळूजला बनणारी 'क्यूट' २०१९ मध्ये महाराष्ट्रात विक्रीला आली. त्यात काही गैर झाले असे मी म्हणत नाही. नवी वस्तू आली की नियमांनी जागा करावी, हीच तर शहाण्या राज्यव्यवस्थेची रीत. माझा प्रश्न एवढाच की ही रीत वाळूजपर्यंत येऊन थांबते का? वस्तू नियमात बसत नव्हती तेव्हा कारखान्यासाठी नियम बदलला. आणि देवराष्ट्र्यात वस्तू नियमात बसत नव्हती तेव्हा नियम जागचा हलला नाही, वस्तूच हलली.

आता थोडे भाषेविषयी, कारण अन्यायाची पहिली नोंद भाषेतच होते. लोहारांच्या गाडीला माध्यमांनी एकमुखाने 'जुगाड' म्हटले. हा शब्द हिंदीतून आला आणि गेल्या वीसेक वर्षांत त्याला व्यवस्थापनशास्त्राची झूल चढली. त्यावर पुस्तके निघाली, व्याख्याने झाली. पण शब्दाचा मूळ वास गेलेला नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे, तात्पुरती सोय, नियमाला दिलेली बगल. मराठीत यासाठी शब्द नव्हते का? हिकमत, खटपट, जुळणी, कारागिरी, घडण असे कितीतरी आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकात करणाऱ्याच्या बुद्धीचा मान आहे. पेणच्या कारखान्यात शाडूची मूर्ती घडवणाऱ्याला आपण मूर्तिकार म्हणतो, त्याचे डोळे रेखणे पाहायला मुले घेऊन जातो. तिथून चार पावलांवर जो वेल्डर मोडक्या सांगाड्याला सरळ करून त्यावर नवा हौदा उभा करतो तो मात्र 'जुगाडू'. दोघांच्याही डोळ्यांत माप आहे, दोघांच्याही हातांत वर्षांची सवय आहे. फरक एवढाच की एकाच्या कामाला आपण कला ही पदवी दिली आणि दुसऱ्याच्या कामाला पदविका नसल्याबद्दल हिणवले.

यात जात नाही असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी त्र्यंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे 'गावगाडा' पुन्हा उघडावे. ज्या व्यवस्थेचे ते वर्णन आहे तीत लोहार, सुतार, चांभार ही मंडळी वस्तू घडवीत, आणि मोबदल्यात शेतकऱ्याच्या खळ्यावर बलुते घेत. घडवणे त्यांचे, वस्तू दुसऱ्याची, आणि मोल धान्यात, रिवाजाने ठरलेले. नांगराचा फाळ लोहाराचा. जमीन त्याची नव्हे. देवराष्ट्र्याच्या अदलाबदलीकडे या नजरेने पाहिले की अस्वस्थ व्हायला होते. आडनावाचा योगायोग मी ओढूनताणून वापरत नाही. पण घडवणाऱ्याने वस्तू द्यावी, मायबापाने खूश होऊन त्याच्या कितीतरी पट दान द्यावे, आणि सभेने धन्य धन्य म्हणावे, ही कथा आपल्याला इतकी ओळखीची वाटली म्हणूनच तर ती इतकी गोड लागली. हक्काची भाषा तिथे कोणाच्याच तोंडी नव्हती. कौतुक होते, औदार्य होते, कृतज्ञता होती. नोंदणी क्रमांक तेवढा नव्हता.

गंमत म्हणजे याच सांगली जिल्ह्यात एक वेगळी कथाही घडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलींचे दुकान काढले. १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्या माणसालाही कोणी सायकलवाला म्हणून टाळ्या वाजवून घरी पाठवू शकले असते. औंधच्या संस्थानिकांनी जमीन दिली, पाठबळ दिले, आणि मुख्य म्हणजे 'तुझी वस्तू मला दे' असे न म्हणता 'तू ती बनवीत राहा' असे म्हटले. त्या कारखान्याचे माहितीपत्र म्हणून १९२० मध्ये सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. नांगराच्या कारखान्याने साहित्याला मासिक दिले. साहित्याने कारखान्याला काय दिले? आपल्या कथा-कादंबऱ्यांतून कचेऱ्या आहेत, महाविद्यालये आहेत, शेते आहेत, गिरण्यांचे संप आहेत. पण लेथवर उभा राहून एखादा भाग नेमका बसेपर्यंत चौथ्यांदा कापणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते हे किती ठिकाणी वाचायला मिळते? ज्याचे वर्णन आपण केले नाही त्याच्या हक्काची जाणीव आपल्याला कोठून होणार?

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. रस्ता सर्वांचा आहे. घरी बनवलेल्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर त्याची किंमत समोरून येणारे शाळकरी पोर मोजील. हे शंभर टक्के मान्य. कुंडलिकेच्या एका तीरावर अष्टमी आणि दुसऱ्या तीरावर रोहे. मधल्या पुलावरून सायकली, मिनीडोर, धाटावच्या रासायनिक कारखान्यांकडे जाणारे कामगार आणि परीक्षेला निघालेली मुले एकाच वेळी चालतात. तिथे कोणीही काहीही जोडून आणावे असे मी म्हणणार नाही. पनवेलपासून इंदापूरपर्यंत महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून कसे रेंगाळले ते रायगडकर जाणतात, सहा आसनांच्या मिनीडोरात किती माणसे बसतात तेही जाणतात. पण सरकारच्या खड्ड्यांकडे आणि दुसऱ्याच्या गर्दीकडे बोट दाखवून स्वतःसाठी सूट मागणे हा युक्तिवाद होत नाही, ती पळवाट झाली. तेव्हा तपासणी हवीच, कडक हवी.

पण तपासणी हवी म्हणणे आणि तपासणीच नाकारणे यांत फरक आहे. आपल्याकडे दुसरी गोष्ट चालू आहे. इंग्लंडमधल्या त्या गॅरेजवाल्याला कोणी मोकळे सोडलेले नाही. १९९८ पासून तिथे एकेका गाडीच्या तपासणीची पद्धत होती, २००९ पासून तिचे अधिक कडक रूप आले. ब्रेक, सुकाणू, दिवे, आरसे, पट्ट्यांचे सांधे, धूर, आवाज, इतकेच काय, पादचाऱ्याला लागेल अशी एखादी धारदार कड बाहेर आलेली नाही ना, हेही तपासतात. गाडी नापास झाली तर दोष लेखी मिळतात, ते दुरुस्त करून पुन्हा यायचे. पास झाली की नोंदणी. सगळे भाग कुठून आले याचा मेळ लागत नसेल तर गाडीच्या क्रमांकाच्या आरंभी 'क्यू' हे अक्षर येते. म्हणजे हिचे वय आणि कूळ अज्ञात आहे. कूळ अज्ञात असले तरी रस्त्यावर यायला ना नाही! आपल्याकडच्या कोणत्या व्यवस्थेने असे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले आहे?

साधने नाहीत म्हणावे, तर वाहनांची परीक्षा घेणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात १९६६ पासून 'एआरएआय' आहे, भोसरीला 'सीआयआरटी' आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची 'व्हीआरडीई' आहे. माणसे नाहीत म्हणावे, तर २००७ पासून 'बाहा' आणि २०११ पासून 'सुप्रा' या स्पर्धांसाठी अभियांत्रिकीची मुले दरवर्षी स्वतः गाड्या बांधतात, 'सुप्रा'च्या गाड्यांत दुचाकींची इंजिने बसवतात, आणि परीक्षक त्या गाड्यांचे ब्रेक, सांगाडे, पट्टे कसून तपासतात. म्हणजे हाती बनवलेली, मोटारसायकलच्या इंजिनाची गाडी कशी तपासावी याचे ज्ञान इथे आहे, सराव आहे, कागदसुद्धा आहेत. महाविद्यालयाचे ओळखपत्र गळ्यात असेल तर ते 'अभियांत्रिकी' ठरते आणि नसेल तर 'जुगाड'. आणि त्या मुलांचीही गाडी स्पर्धा संपली की मैदानाबाहेर येऊ शकत नाही. घडवणाऱ्याला कुंपणात ठेवण्याच्या बाबतीत आपण शिकलेल्या आणि न शिकलेल्यांत फारसा भेद केलेला नाही, हा त्यातल्या त्यात समतेचा भाग म्हणायचा.

तेव्हा मागणी काय, ते सरळ लिहितो. स्वतःच्या वापरासाठी एकच वाहन घडवणाऱ्या माणसाला नियमांत नाव मिळावे. त्याला परवडेल अशा शुल्कात, जिल्ह्याच्या जवळच्या केंद्रावर, त्याच्या गाडीची एकदा कसून परीक्षा व्हावी. हवे तर वेगाची मर्यादा घाला, महामार्गावर बंदी घाला, पाटीवर वेगळे अक्षर लिहा, विम्याचा हप्ता जास्त लावा. भागांच्या पावत्या मागा, म्हणजे चोरीच्या इंजिनांचा प्रश्न राहणार नाही. नापास करायची तर करा, पण काय चुकले ते लिहून द्या. ज्याला चुकीची यादी मिळते तो शिकतो. ज्याला नुसता दंड किंवा नुसता हार मिळतो तो पुढच्या वेळी काही करायला धजत नाही.

असा दरवाजा उघडला तर घराघरांतून मोटारी निघतील असा माझा भ्रम नाही. फार थोडे लोक या वाटेला जातील. पण जे जातील ते आपापल्या गावाचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून गाडी बांधतील. अष्टमीचा माणूस ती पावसात गंजणार नाही अशी आणि पोट वर उचललेली बांधील, देवराष्ट्र्याचा माणूस बोळातून वळेल अशी. लाखो गिऱ्हाइकांच्या सरासरीसाठी काढलेल्या गाडीला एवढे बारकावे जमत नाहीत, आणि जमावेत अशी अपेक्षाही नाही. त्या थोड्यांपैकी एखाद्याला, सर्बिटनच्या बापलेकांसारखी, निव्वळ सोयीपोटी अशी एखादी गोष्ट सुचेल की जी मोठ्या कारखान्यांनाही सुचली नव्हती. आणि कोणालाच काही सुचले नाही, तरी ज्याने गाडी घडवली तो ती घेऊन आठवड्याच्या बाजाराला जाऊ शकेल. मला विचाराल तर एवढे कारणही पुरेसे आहे.

लोहारांची गाडी संग्रहात गेली ती इतरांना स्फूर्ती मिळावी म्हणून, असे तेव्हा सांगण्यात आले. स्फूर्ती मिळालेल्या माणसाने पुढे काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्याने दुसरी गाडी घडवली तर तीही नियमांत बसणार नाही, आणि दर वेळी बोलेरो देणारा भेटेलच असे नाही.

असो. टाळ्या भरपूर झाल्या आहेत. आता एक फॉर्म छापून द्यावा.